हेलनचे गुलाब आणि आमचे प्रवासी देव

"तिथे तिचं कोण आहे?" माझ्या नणंदबाईंनी, प्रभाताईंनी, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा मी पोहे परतत होते. विषय बदलायला मी त्यांना पोह्यांतलं मीठ बघायला सांगितलं. त्या दीक्षितपुऱ्यात राहतात आणि आम्ही मदन महलला, दोन्ही एकाच गावात, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी आमच्या घरी यायचाच. 'ती' म्हणजे आमची एकुलती एक लेक, ऋचा. इथे जबलपूरला शेतीचं शिक्षण घेतलं, पुढचं ऑस्ट्रेलियात केलं आणि आता तिथल्या बेरिमा नावाच्या जुन्या खेड्याजवळ एका लहानशा वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. द्राक्षाच्या रसातली साखर आणि आंबटपणा मोजते. प्रभाताईंना आम्ही 'फळप्रक्रिया' असं सांगितलंय. ते काही खोटं नाही.

मग एक दिवस ऋचाने फोनवर सांगितलं की राहतं घर बहुधा सोडावं लागेल. हेलन नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या परसात दोन खोल्यांचं घर आहे, तिथे ती भाड्याने राहते. हेलनचा मुलगा सिडनीत असतो. ते घर पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यावं असा त्याचा धोशा, आणि हेलनने अजून काही ठरवलेलं नव्हतं. पोरीचा आवाज पडलेला होता. मला मात्र, खरं सांगते, बरंच वाटलं. घर गेलं की पोरगी परत येईल, असं माझं सरळ गणित. "चला, एकदा जाऊन बघून येऊ," असं मी सुधाकररावांना, म्हणजे आमच्या यजमानांना, म्हटलं. मनात होतं, जाऊन घेऊनच येऊ.

दिवाळी झाली आणि निघालो. कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर चांगला. तिथे तेव्हा वसंत असतो, गर्दी बेताची, आणि बागा ऐन भरात. मी शाळेत भूगोल शिकवायचे. 'दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात' हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून हात दुखले असतील, पण वसंतासाठी बॅगेत लोकरी बनियन भरताना माझाच विश्वास बसेना. भरा मात्र नक्की. बेरिमा उंचावर आहे. सकाळी थेट पचमढीची थंडी, दुपारी ऊन, चार वाजता भुरभुर पाऊस, आणि संध्याकाळी पुन्हा स्वेटर.

जबलपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून सिडनी. या प्रवासात आमच्याबरोबर देवही होते. सुधाकरराव संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांनी पूजेची ड्यूटी लावून घेतलीय, आणि महिनाभर देवांना कुलूपबंद ठेवायला ते तयार नव्हते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती, तिघे अंगठ्याएवढे, स्टीलच्या डब्यात मऊ कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत. दिल्लीला तपासणीच्या मशीनपाशी बसलेल्या पोराने विचारलं, "अंकल, इसमें क्या है?"

"भगवान हैं."

"कितने?"

"तीन."

त्याने डबा उघडून पाहिला, हात जोडले आणि जाऊ दिलं. सिडनीत इतकं सोपं नाही. तिथे खाण्याचं आणि झाडापानाचं जे काही असेल ते आधीच सांगून टाका, लपवायच्या भानगडीत पडू नका. आमच्या चकल्या आणि शंकरपाळे सुटले. मेथीदाणे आणि सुधाकररावांनी पूजेसाठी जपून आणलेली झेंडूची वाळकी फुलं मात्र तिथल्या अधिकाऱ्यांनी ठेवून घेतली. "आता देवाला फुलं कुठून आणू?" हे सुधाकररावांचं परदेशातलं पहिलं वाक्य.

सिडनीच्या मुख्य स्टेशनवरून बेरिमाजवळच्या मॉस व्हेलला लोकल गाडीने जाता येतं. दोन तासांहून थोडं जास्त लागतं आणि बहुतेक वेळा मध्ये कॅम्पबेलटाउनला गाडी बदलावी लागते. शनिवार-रविवारी तिकीट स्वस्त पडतं. पुढे बेरिमापर्यंत बस आहेत, पण इतक्या तुरळक की त्यांच्या भरवशावर राहू नका. गाडी भाड्याने घ्या नाहीतर आमच्यासारखी लेक ठेवा. ऋचा स्टेशनवर आली होती. गळ्यात पडली, आणि मग पहिलं काय बोलली असेल? "बाबा, हेलनसमोर जरा हळू बोला हं. तिला सवय नाही."

बेरिमा म्हणजे एक रस्ता, मध्ये हिरवंगार मैदान, भोवती ओक आणि पॉपलरची झाडं, आणि पिवळसर वालुकाश्मात बांधलेली जुनी घरं. एक न्यायालय आहे, दगडी खांबांचं, आणि त्याच्या शेजारी उंच भिंतीचा जुना तुरुंग. दीडशेच्या वर वर्षांपूर्वी रेल्वे आली ती या गावाला वगळून मॉस व्हेलवरून गेली. पुढे मोठा हायवेही बाजूने निघून गेला. म्हणून गाव जसं होतं तसंच राहिलं. आम्ही जंक्शनवाले लोक, रेल्वे आल्याने गाव वाढतं एवढंच आम्हाला ठाऊक. रेल्वे न आल्यानेही गावाचं भलं होतं, हे मला इथे कळलं.

खायचं काय, हा शाकाहारी मंडळींचा पहिला प्रश्न. बेकरीत बटाटा-चीजचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी कचोरीच, मिळतो, पण आत काय आहे ते विचारून घ्या, कारण दिसायला सगळे पाय सारखेच असतात. स्कोन नावाचा बिस्किट आणि पाव यांच्यामधला एक प्रकार मुरंबा आणि सायीबरोबर देतात. चहासकट आठ-नऊशे रुपये पडतात. पहिल्या दिवशी सुधाकररावांच्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी ते दुकान उघडायच्या आधीच दारात उभे.

हेलनचं घर गावाच्या टोकाला. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, उंच, ताठ, हातात कायम बागकामाचे मोजे. बोलणं मोजकं. तिच्या फाटकावर लाकडी कमान आहे आणि त्या कमानीवर एक गुलाबाची वेल चढलीय. फिकट, सायीच्या रंगाची, किंचित गुलाबी झाक असलेली फुलं, इतकी की पान दिसू नये. अर्धी वेल कमानीवरून भिंतीपलीकडे फुटपाथवर झुकलेली. मला पाहून हेलन म्हणाली, "अच्छा, म्हणजे चकली तुम्ही पाठवता." ऋचाचं पाहून ती चक्क 'अच्छा' म्हणायला शिकलीय. परसातलं घर नीटनेटकं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत रुंद दगडी कट्टा. सुधाकररावांनी तिथे लगेच देव मांडले. मी मात्र ऋचाचं सामान किती आहे, किती बॅगांत मावेल, याचा अंदाज घेत होते.

दुसऱ्या दिवशी द्राक्षमळा. ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक गुलाबाचं झाड.

"हे काहून लावलं?" सुधाकररावांनी विचारलं.

"बुरशी येणार असेल तर आधी गुलाबावर दिसते, बाबा. मग आम्ही वेली सांभाळतो."

"मग याची फुलं?"

"फुलांचं काय? घ्या ना दोन-चार."

झालं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. द्राक्षांना अजून फुलोराही आला नव्हता, नुसती कोवळी पालवी. थंड हवेत फळ सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो, म्हणून इथली वाइन हलकी आणि तरतरीत, असं ऋचाने समजावलं. शाळेत समशीतोष्ण हवामानावर मी इतकी वर्षं बोलले, पण त्याला चवही असते हे पोरीने शिकवलं. चव बघायची तर हजारेक रुपये घेतात आणि बाटली विकत घेतली तर बहुधा सोडून देतात. घोट घेऊन थुंकायचं असेल तर काउंटरवर एक भांडंही असतं. आमच्या जबलपूरच्या पानवाल्यांना ही माहिती द्यायला हवी. मी एक घोट घेतला. जांभळाच्या रसात कोणी लाकूड भिजवावं तसं काहीसं लागलं. वाईट नव्हतं. मी थुंकले नाही, एवढंच इथे नोंदवते. सुधाकररावांनी द्राक्षाचा साधा रस घेतला आणि ग्लास मात्र सगळ्यांसारखाच ऐटीत फिरवला.

पुढचे काही दिवस मळ्यातल्या दोन-चार फुलांवर देवांचं भागलं. पण मळा गाडीने जायच्या अंतरावर, आणि आमच्या यजमानांची जबलपूरची सवय वेगळी. रोज पहाटे पिशवी घेऊन ते मदन महलच्या गल्ल्यांतून फिरतात आणि लोकांच्या भिंतीबाहेर आलेली जास्वंद, तगर, कण्हेर गोळा करतात. त्यांचा नियम पक्का: आतल्या फुलाला हात लावायचा नाही, कंपाउंडच्या बाहेर आलं की ते फूल देवाचं. आमच्या शेजारच्या दुबेजींच्या तगरीने वर्षानुवर्षं हा नियम निमूट सोसलाय.

त्या रविवारी गावातल्या निवडक बागा लोकांना बघायला खुल्या राहणार होत्या. प्रवेशाचे पैसे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला. हेलनची बाग त्यात होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नेमका तोच दिवस तिथीने ऋचाचा वाढदिवस. सकाळी मी उठले तेव्हा बाहेर धुकं होतं आणि स्वयंपाकघरात सुधाकरराव प्रसन्न मुद्रेने पूजेला बसले होते. खिडकीच्या कट्ट्यावर देव दिसतच नव्हते. दिसत होता तो सायीच्या रंगाच्या गुलाबांचा ढीग. शेजारी ऋचाची भाजी धुवायची जाळी, अजून अर्धी भरलेली.

"अहो, हे कुठून आणलं?"

"फाटकावरून."

"आज बाग बघायला लोक येणार आहेत ना!"

"मग? बाग तर आत आहे. मी आत पाऊल तरी ठेवलं का? बाहेर लटकून राहिले होते, म्हणून घेतले."

मी बाहेर धावले. कमान उघडी पडली होती. बाहेरून हात पोचेल तिथपर्यंत, फांद्या वाकवून, एकही फूल ठेवलं नव्हतं. शेंड्यावर चार-दोन उरलेली. हेलन तिथेच उभी होती, हातात 'बाग खुली आहे' अशी पाटी. तेवढ्यात ऋचाही मागून आली.

हेलनचा आवाज चढला नाही. "ही वेल माझ्या नवऱ्याने लावली," ती म्हणाली. "वर्षातून एकदाच फुलते. आज मी लोकांना तीच दाखवणार होते." मग तिने पाटी भिंतीला टेकवली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

ऋचा पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, घराचं एवढं काय. गेलं तर गेलं, तू चल आमच्याबरोबर."

"घर मरू दे आई! घर मिळेल दुसरं. हेलन कुठून आणू?" मग भडाभडा बोलली. पहिल्या हिवाळ्यात ती तापाने पडली होती, आम्हाला सांगितलंच नव्हतं. हेलन रात्रंदिवस उशाशी बसून होती. बर्फाळ सकाळी रस्त्यावर गाडी कशी चालवायची ते हेलनने शिकवलं. नोकरीच्या मुलाखतीला घातलेला कोट हेलनचा. "तुम्हाला काळजी वाटेल म्हणून नाही बोलले गं."

आम्हाला काळजी वाटेल म्हणून! आणि मी इथे बॅगा मोजत होते. मला माझीच लाज वाटली आणि त्या बंद दाराची भीती वाटायला लागली. ते उघडायलाच हवं होतं, आणि माझ्या पोरीला इथे राहू द्यायला हवं होतं. हे मला त्या पायरीवर कळलं.

सुधाकरराव सगळं ऐकत दारात उभे होते. सोवळ्याच्या धोतरावर स्वेटर, कपाळाला गंध. कोणाला काही न विचारता ते सरळ गेले आणि हेलनचं दार वाजवलं. यांचं इंग्रजी कारखान्यातलं, नटबोल्टपुरतं. दार उघडल्यावर म्हणाले, "सॉरी, मॅडम. इन माय सिटी, आउटसाइड फ्लॉवर, गॉड्स फ्लॉवर. माय मिस्टेक. प्लीज कम. सी."

हेलनने त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कोण जाणे का, आली. खिडकीपाशी उभी राहिली. समई तेवत होती, गुलाबांवर अजून दव होतं.

"यात देव कुठे आहे?" तिने विचारलं.

सुधाकररावांनी दोन बोटांनी पाकळ्या बाजूला केल्या. लोण्याचा गोळा घेऊन रांगणारा, अंगठ्याएवढा बाळकृष्ण दिसला. हेलन वाकली, चष्मा पुढे केला, आणि हसत सुटली. "एवढ्याशा माणसाला माझे सगळे गुलाब?"

"टुडे डॉटर बर्थडे," सुधाकरराव म्हणाले. "मून बर्थडे."

हेलन ऋचाकडे वळली. "तुझा वाढदिवस तर हे लोक यायच्या आधीच झाला. मी केक केला होता."

"हा दुसरा," ऋचा डोळे पुसत म्हणाली. "चंद्राच्या हिशेबाने."

"मग तुला आणखी एक केक लागणार," हेलन म्हणाली. ती बाहेर गेली, पाटी उचलली, खडू घेतला आणि खाली एक ओळ लिहिली: 'कमानीवरचे गुलाब यंदा मागच्या घरात, खिडकीत पाहावेत.'

पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. धुकं विरलं आणि लोक यायला लागले. टोप्या घातलेल्या आज्या, जोडपी, कुत्र्यासकट आलेलं एक कुटुंब. सुधाकरराव स्वतःहून बोडक्या कमानीखाली उभे राहिले. जो येईल त्याला हात जोडून सांगत: "फ्लॉवर इनसाइड. गॉड इज वेअरिंग." लोक चकित होऊन मागे यायचे. पहिल्या बाईने माझे अनवाणी पाय पाहून आपले बूट काढले, तिचं पाहून बाकीच्यांनी काढले, आणि दुपारपर्यंत ऋचाच्या दारात आमच्या नर्मदेकाठच्या ग्वारीघाटच्या मंदिरासारखा चपलाबुटांचा ढीग. मी प्रत्येकाच्या हातावर दोन शंकरपाळे ठेवत होते. एका गृहस्थाने बाळकृष्णाच्या हातातला गोळा पाहून विचारलं, "हे द्राक्ष आहे का?" "नो, नो, बटर," सुधाकरराव कमानीपासून ओरडले. ते जरा हळू बोलायचं वगैरे कधीच मागे पडलं होतं.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर हेलन चार ग्लास घेऊन परसात आली. तिघींना वाइन, एकाला रस. ती सुधाकररावांना म्हणाली, "पुढच्या नोव्हेंबरला वेल पुन्हा फुलेल. तेव्हा या. पण कात्री माझ्या हातात राहील, आणि आधी विचारायचं." मग ऋचाकडे न बघताच म्हणाली, "मुलाला फोन करून सांगितलं मी. मागच्या घरात माणूस राहतं, म्हटलं." ऋचाने नुसतं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी दुसरा ग्लास घेतला. हेही नोंदवते.

उरलेले दिवस आम्ही नदीकाठी फिरलो, सकाळी बेकरीत बसलो, आजूबाजूची दोन गावं पाहिली. ऋचाच्या बॅगांचा विषय मी पुन्हा काढला नाही. निघताना स्टेशनवर मला रडू आलंच, पण येतानाची ती घालमेल त्यात नव्हती. तुम्ही जाणार असाल तर एक रात्र तरी गावात राहा. सिडनीहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे लोक वाइन घेऊन जातात आणि गाव मागेच राहतं.

घरी आलो तेव्हा जबलपूरला मटार सुरू झाला होता. सिहोऱ्याकडून गाड्या भरभरून येत होत्या आणि रस्त्याच्या कडेला हिरवे ढीग लागले होते. दुसऱ्याच दिवशी पहाटे सुधाकरराव पिशवी घेऊन निघाले. मी गॅलरीतून बघत होते. दुबेजींची तगर नेहमीसारखी भिंतीबाहेर झुकलेली. हे थांबले, आणि चक्क बेल दाबली. दुबेजी शाल गुंडाळत धावत आले.

"क्या हुआ भाईसाहब? सब ठीक तो है?"

"फूल ले लूँ?"

दुबेजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "अरे, रोज तो ले जाते हो!"

"हाँ, पर पूछा कहाँ था?"

त्याच दुपारी प्रभाताई आल्या. आम्ही दोघी मटार सोलायला बसलो. शंकरपाळे किती संपले, थंडी किती होती, सगळं विचारून झालं आणि मग ठरलेला प्रश्न आलाच. "ते सगळं ठीक. पण तिथे तिचं कोण आहे?"

या वेळी मी त्यांना मीठ बघायला सांगितलं नाही. हात पुसून फोन पुढे केला. सकाळीच ऋचाने फोटो पाठवला होता: तिच्या दाराची दगडी पायरी, वर मुरंब्याची एक रिकामी बरणी आणि तिच्यात लव्हेंडरच्या दोन काड्या आणि एक पिवळं फूल. गुलाब संपलेत. पण आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हेलन रोज सकाळी, ऋचा उठायच्या आत, बागेत जे असेल ते तोडून तिथे ठेवते. बाळकृष्णाला आम्ही ऋचाकडेच ठेवून आलोय ना.

"हेलन आहे," मी म्हटलं.

प्रभाताईंनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला, बरणी पाहिली, पायरी पाहिली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "रोज ठेवते?"

"रोज."

"मग आहे तिचं कोणीतरी," असं म्हणून त्यांनी मटारची परात आपल्याकडे ओढून घेतली.